कोलेस्टेरॉलची गोळी वेगळी, रक्त पातळ करायची वेगळी

आमचे नाना चोपड्याकडचे केळीवाले. मागच्या वर्षी घड कापताना विळा अंगठ्याला लागला तर रक्त थांबेचना, एक रुमाल भिजला, दुसरा भिजला आणि नाना शांतपणे सांगताय, "काही नही रे, मी रक्त पातय करानी गोयी खास ना, ती कोलेस्टेरॉलनी." घोळ इथेच आहे, आणि तो एकट्या नानांचा नाहीये.

कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे स्टॅटिन, अटोरवास्टॅटिन नाहीतर रोसुवास्टॅटिन. ती लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवते, तिथे कोलेस्टेरॉल कमी बनतं, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात) जास्त ओढून घेतं. अंगठा कापला तर ह्या गोळीमुळे रक्त वाहत राहत नाही. वाहत राहतं ते ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलमुळे, कारण ह्या दोघी प्लेटलेट्सना (रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटू देत नाहीत. आणि 'पातळ' हा शब्दच फसवा आहे, रक्ताचं काही ताक होत नाही, फक्त गुठळी धरायला वेळ लागतो. प्लेटलेटचं आयुष्य 7 ते 10 दिवस, म्हणून आज ॲस्पिरिन बंद केली तरी असर लगेच जात नाही.

ठिबकची नळी डोळ्यासमोर आणा. क्षार बसून बसून ड्रिपर बुजतात, वर्षानुवर्षं हळूहळू. धमनीत तसाच कोलेस्टेरॉलचा थर बसतो आणि स्टॅटिनचं काम तिथलं: नवीन थर कमी बसू देणं, बसलेला थर फुटू न देणं. पण धमनीतला थर फुटलाच तर त्या जागी प्लेटलेट्स गोळा होऊन बघता बघता रस्ता बंद होतो, तो अटॅक, आणि तिथे ॲस्पिरिन लागते. (ठिबकमध्ये असं काही होत नाही, माझं उदाहरण इथे संपलं.)

मग लोकांचा गोंधळ का होतो? नानांची स्ट्रिप बघितली तर एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन 75, क्लोपिडोग्रेल 75 आणि अटोरवास्टॅटिन 20. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलाय ना. ते तिला कोलेस्टेरॉलची गोळी म्हणतात, बस.

पण दोन्हींचा काहीच संबंध नाही असंही नाही बरं का. 2009 मध्ये 17,802 लोकांवरच्या ज्युपिटर ट्रायलचा एक रिझल्ट आला, त्यात रोसुवास्टॅटिन 20 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 34 जणांना शिरेत गुठळी झाली आणि डमी गोळीवाल्यांपैकी 60 जणांना. म्हणजे स्टॅटिनचा गुठळीवर थोडा असर दिसतो, पण म्हणून गुठळीवर इलाज म्हणून कोणी स्टॅटिन देत नाही. आणि वॉरफरिन चालू असेल (ही तिसरीच जात, व्हिटॅमिन के अडवणारी, हिच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, बहुतेकांचा 2 ते 3 मध्ये ठेवतात) तर रोसुवास्टॅटिन जोडल्यावर आयएनआर वाढू शकतो, लवकर तपासून घ्यावा लागतो. मेथी-पालक पण वॉरफरिनवाल्यांनी बंद नाही करायची, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं.

आता दाढ काढायची म्हणून नानांनी चार दिवस आख्खी कॅप्सूलच सोडून दिली होती, स्वतःच्या मनाने! स्टेंटवाल्याने असं करणं म्हणजे स्टेंटमध्येच गुठळी व्हायची भीती, आणि अटोरवास्टॅटिन तर दाढेसाठी थांबवायचं कारणच नव्हतं. हार्टवाल्या डॉक्टरांना फोन लावला, ते आधी रागावले, मग म्हणे आजपासूनच चालू करा. दाढ नंतर निघाली, एक टाका पडला, आणि नाना तासभर कापूस दाबून गप बसले, जे आमच्या घरात कधी होत नाही.