शिशाच्या खाणीतलं पाणी आणि क्रॉमफर्डची गिरणी

कापडगिरणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धुराडं उभं राहतं. मुंबईच्या गिरण्या पहिल्यापासून वाफेवरच चालल्या, त्यामुळे दुसरं काही सुचतही नाही. पण इंग्लंडमध्ये डर्बीशर परगण्यातल्या क्रॉमफर्डला १७७१ मध्ये ज्या सूतगिरणीचं बांधकाम सुरू झालं, तिला ना धुराडं होतं ना बॉयलर. होतं ते पाणी, तेही नदीचं नव्हे.

गिरणीचा मालक रिचर्ड आर्कराइट मूळचा न्हावी. केसांचे टोप बनवून विकायचा. १७६९ मध्ये त्याने सूतकताईच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला स्वतःला यंत्रातलं किती कळत होतं यावर तेव्हाही वाद झाले, आणि अखेर १७८५ मध्ये कोर्टाने त्याचं १७७५ चं दुसरं पेटंट रद्द केलं. यंत्र मात्र अस्सल होतं. चरख्यावर सूत कातताना आपण पेळू चिमटीत धरून हळूहळू ओढतो, तेव्हाच पीळ बसत जातो. इथे चिमटीच्या जागी रुळांच्या जोड्या होत्या. पेळू पहिल्या जोडीत शिरतो. पुढची जोडी त्याहून वेगाने फिरते, म्हणून तो ताणला जाऊन बारीक होतो. खुबी आहे ती जोड्यांमधल्या अंतरात. ते कापसाच्या तंतूच्या लांबीपेक्षा जरासंच जास्त हवं. कमी असेल तर एकच तंतू दोन्हीकडून ओढला जाऊन तुटतो, आणि फार जास्त असेल तर मधले तंतू मोकळे सुटून सूत कुठे जाड, कुठे बारीक येतं. शेवटी चातीवर पीळ बसतो. हे सूत इतकं मजबूत निघालं की मागावरच्या उभ्या ताण्यालाही चालू लागलं. त्याआधी तिथले विणकर ताण्याला बहुधा जवसाच्या तंतूंचा (लिननचा) धागा वापरत.

असं यंत्र हाताने फिरवणं अवघड. आर्कराइटने नॉटिंगहॅमला आधी घोडे जुंपून पाहिले, मग तो पाण्याकडे वळला. एका सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर खाली पडलं तर त्यातून सुमारे ९.८ किलोवॅट शक्ती मिळू शकते. तिच्यातली किती हाती लागते ते चाकावर ठरतं. जॉन स्मीटन या अभियंत्याने १७५९ मध्ये चाकांच्या लहान प्रतिकृती करून मोजमाप केलं होतं. पाणी वरून चाकाच्या खणांत भरलं, तर खालून पात्यांवर आदळणाऱ्या पाण्याच्या जवळपास दुप्पट काम होतं. आदळताना बरीचशी ऊर्जा खळखळाटातच वाया जाते.

पण डर्बीशरच्या हिवाळ्यात ओढा गोठला तर? क्रॉमफर्डचं भाग्य इथे होतं. गावाजवळच्या डोंगरात शिशाच्या खाणी होत्या, आणि त्यांत साठणारं पाणी काढून देण्यासाठी सतराव्या शतकातच एक लांब बोगदा खणलेला होता. तिथले लोक अशा बोगद्याला ‘सफ’ म्हणतात. जमिनीच्या पोटातून येणारं हे पाणी थोडं कोमट असे, त्यामुळे ते थंडीत गोठत नसे. आणि खडकांत मुरलेलं असल्याने उन्हाळ्यातही एकदम आटत नसे. (शेजारच्या मॅटलॉक बाथला तर २० अंशांचे झरे आहेत. आपल्या वज्रेश्वरीपुढे ते गारच म्हणायचे.) खाणवाल्यांना नकोसं झालेलं पाणी गिरणीवाल्याने चाकावर घेतलं.

चाक थांबत नाही म्हटल्यावर माणसांनाही थांबायची सोय राहिली नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, रात्रपाळीसुद्धा. कामगारांत लहान मुलं पुष्कळ होती, सुरुवातीला तर सात-सात वर्षांची. ‘कारखाना’ या शब्दाला आज जो अर्थ आहे, तो घडवण्यात या गावाचा मोठा वाटा आहे.

पुढे खाणी आणखी खोल गेल्या. खालच्या पातळीचं पाणी काढायला मीरब्रुक नावाचा दुसरा सफ खणत आणला गेला. पाणी उताराच्या वाटेनेच जाणार. क्रॉमफर्डचा प्रवाह रोडावू लागला. आर्कराइटचे वारस कोर्टात गेले. इतकी वर्षं वापरलेल्या पाण्यावर आमचा हक्क नाही का, हा त्यांचा सवाल. १८३९ मध्ये निकाल विरुद्ध गेला: पाणी खाणीच्या सोयीसाठी माणसाने वळवलेलं आहे, निसर्गाचा ओढा नव्हे, खाणवाल्याने ते कायम सोडत राहावं असा आग्रह धरता येणार नाही. मला हा निकाल कठोर वाटतो, पण त्यातला तर्क खोडता येत नाही.

एकोणिसाव्या शतकातच इथली सूतकताई थांबली. त्याच घराण्याने १७८३ मध्ये जवळच थेट डर्वेंट नदीवर उभारलेली मॅसन गिरणी मात्र १९९१ पर्यंत चालू होती. क्रॉमफर्डच्या इमारतींत मग बिअर बनवणं, कपडे धुणं असे उद्योग झाले, आणि शेवटी रंगांचा कारखाना आला. १९७९ मध्ये आर्कराइट सोसायटी या संस्थेने जागा विकत घेतली. २००१ मध्ये डर्वेंट खोऱ्यातल्या गिरण्या जागतिक वारसा यादीत गेल्या. आज पर्यटक ज्या दगडी भिंतींना हात लावून पाहतात, त्या आधी खरवडून काढाव्या लागल्या होत्या. रंगाच्या कारखान्याने त्यांत शिसं मुरवून ठेवलं होतं.