ॲस्टोरिया (ऑरेगन)

ॲस्टोरिया हे अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातलं छोटं शहर, कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथं तोंडाशीच वसलेलं, क्लॅटसप काउंटीचं मुख्य ठिकाण. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम दहा हजारांच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने मोठंसं गावच. पण रॉकी पर्वताच्या पलीकडे पश्चिमेला अमेरिकनांनी केलेली पहिली कायमची वस्ती ही, १८११ ची, आणि त्या बाजूचं पहिलं अमेरिकन पोस्ट ऑफिसही इथलंच, १८४७ चं. नाव पडलं जॉन जेकब ॲस्टर या न्यूयॉर्कच्या फर व्यापाऱ्यावरून, आणि गंमत म्हणजे हा माणूस आयुष्यात एकदाही इथं आला नाही. आले ते दुसरेच, मासे मारायला, डबे भरायला, लाकडं कापायला, आणि गाव उभं राहिलं ते त्यांच्या जिवावर.

त्याआधी इथं चिनूक आणि क्लॅटसप हे मूळचे आदिवासी लोक राहत होतेच, नदीवरचा सगळा व्यापार त्यांच्या हातात होता आणि त्यांच्या भाषेतून तयार झालेली चिनूक जार्गन ही बाजारबोली पुढे गोरे व्यापारीही बोलायचे. अमेरिकन सरकारने पश्चिमेचा शोध घ्यायला पाठवलेल्या लुइस आणि क्लार्कच्या तुकडीने १८०५-०६ चा हिवाळा जवळच फोर्ट क्लॅटसपमध्ये काढला, शंभरावर दिवसांत बिनपावसाचे दिवस फक्त बारा, आणि इथला पाऊस अजून तसाच आहे, धो धो नाही पण हिवाळाभर पिरपिर चालूच. ॲस्टरच्या माणसांनी १८११ मध्ये बांधलेला किल्लाही फार टिकला नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधलं १८१२ चं युद्ध पेटल्यावर १८१३ मध्ये तो नॉर्थ वेस्ट कंपनी या ब्रिटिश फर कंपनीला विकून टाकला आणि ब्रिटिशांनी त्याचं फोर्ट जॉर्ज करून टाकलं. याच किल्ल्यात १८२४ मध्ये चिनूक सरदार कॉमकॉमलीचा नातू रॅनाल्ड मॅकडोनाल्ड जन्मला, जो १८४८ मध्ये परक्यांना बंदी असलेल्या जपानमध्ये मुद्दाम जाऊन उतरला, कैदेत पडला आणि कैदेतच जपानी दुभाष्यांना इंग्रजी शिकवत बसला.

नदीचं तोंड हे या गावाचं सुखही आणि दुखणंही. तिथं वाळूचे दांडे आहेत, सरकत राहणारे, वरून नदीचा लोंढा आणि समोरून समुद्राच्या लाटा, दोन्ही एकमेकांवर आपटतात. आत्तापर्यंत लहानमोठी मिळून दोन हजारांच्या आसपास जहाजं या भागात बुडालीत असं सांगतात, म्हणून याला पॅसिफिकचं कब्रस्तान म्हणतात. १९०६ मध्ये वाळूत रुतलेल्या पीटर आयरडेल जहाजाचा गंजलेला सांगाडा शेजारच्या किनाऱ्यावर आजही उभा आहे. त्यामुळे बार पायलट हा इथला मानाचा धंदा, येणाऱ्या जहाजावर वाटेतच चढायचं आणि ते दांड्यांमधून सुखरूप आत आणायचं. कॅप्टन जॉर्ज फ्लॅवेल याच धंद्यात गब्बर झाला आणि १८८० च्या दशकात त्याने बांधलेला टोलेजंग वाडा आता म्युझियम आहे.

पैसा खरा आला तो सॅमन माशातून. कोलंबियावर पहिली कॅनरी, म्हणजे मासे डब्यात भरायचा कारखाना, १८६६ ची, ती वरच्या बाजूला, पण पंधरा-वीस वर्षांत ॲस्टोरियाचा काठ कॅनऱ्यांनी भरून गेला. सगळ्या इमारती लाकडी खांबांवर, पाण्यातच उभ्या. मासेमारीचा एक प्रकार तर बघण्यासारखा असणार, नदीतल्या वाळूच्या बेटांवर घोडे छाती-छातीएवढ्या पाण्यात उतरवायचे आणि मोठाल्या जाळ्या त्यांच्याकडून ओढून घ्यायच्या. आत कॅनरीत मासा साफ करून डब्यात भरायचं काम मुख्यतः चिनी कामगारांचं, हंगामाच्या कंत्राटावर आणलेले, कामात तरबेज आणि कायद्याच्या नजरेत कायम परके. त्यांच्या नावाची बाग गावात झाली ती २०१४ मध्ये. फारच उशीर म्हणायचा.

मासेमारीत फिनलंडचे लोक सगळ्यात जास्त. युनियनटाउन हा त्यांचा भाग, नाव युनियन कॅनरीवरून, आणि ती कॅनरी मच्छीमारांनी स्वतः काढलेली, १८९६ मध्ये माशाच्या भावावरून मोठा संप झाला त्यानंतर सहकारी तत्त्वावर. हे लोक सौनावाले (सौना म्हणजे त्यांची वाफेची न्हाणी), चर्चवाले, आणि त्यातले बरेच पक्के समाजवादी. त्यांचं तोवेरी, म्हणजे कॉम्रेड, नावाचं फिनिश पेपर इथून १९०७ पासून निघायचं. त्यांचा स्वतःचा सोशलिस्ट हॉलही होता.

आता या हॉलमुळे हे गाव आपल्या इतिहासात येतं, आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. गावाच्या पूर्वेला हॅमंड लंबर कंपनीची मोठी लाकूडमिल होती आणि तिथं पंजाबी मजूर काम करायचे, शंभराच्या आसपास, बहुतेक शीख, पण अमेरिकनांच्या लेखी सगळे हिंदूच, म्हणून ते राहायचे त्या गल्लीला हिंदू ॲली म्हणायचे. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला आणि १९१० मध्ये पोर्टलंडजवळ सेंट जॉन्सला गोऱ्यांच्या जमावाने हिंदी मजुरांना मारून हाकलून लावलं, तसं ॲस्टोरियात झालं नाही. भेदभाव नव्हता असं अजिबात नाही, पण मिलला माणसं हवी होती आणि शेजारी फिनिश लोक होते, ज्यांचा देश तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि परकं राज्य म्हणजे काय ते ज्यांना पुरतं ठाऊक होतं. तर १९१३ मध्ये याच फिनिश हॉलमध्ये हिंदी मजुरांची सभा झाली, क्रांतिकारक लाला हरदयाळ बोलायला आले, आणि पुढे गदर पार्टी म्हणून ओळखली गेलेली, इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव करू पाहणारी संघटना इथं आकाराला आली. सोहनसिंग भकना अध्यक्ष, ते स्वतः पोर्टलंडकडच्या मिलमधले कामगार. हरदयाळ सरचिटणीस, पंडित काशीराम खजिनदार. नेमकी तारीख प्रत्येक पुस्तकात वेगळी सापडते, तो वाद इथं नको. १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोहून गदर पेपर सुरू झालं आणि सगळं लक्ष तिकडे गेलं, ॲस्टोरिया मागे पडलं ते पडलंच.

यात मराठी माणसंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगनमध्येच कोर्व्हॅलिसच्या शेतकी कॉलेजात शिकले, मजुरांना संघटित करायचं काम करत होते आणि गदरच्या पहिल्या फळीत होते, नंतर मेक्सिकोत जाऊन मोठे शेतीशास्त्रज्ञ झाले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे सिएटलला शिकायला गेलेले, गदरसाठी हिंदुस्थानात परत आले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले.

१९२२ हे वर्ष गावाला फार वाईट गेलं. हॅमंडची मिल जळाली, ती परत उभी राहिली नाही, पंजाबी पांगले. मग ८ डिसेंबरच्या पहाटे बाजारपेठेला आग लागली, आणि रस्ते-इमारती सगळं खांबांवर असल्याने ती रस्त्यांच्या खालून पळत सुटली, वरून पाणी मारून उपयोग काय. तीसेक ब्लॉक राख झाले. पुन्हा बांधताना मात्र अक्कल आली, दोन्ही कडेला काँक्रीटच्या भिंती घालून मध्ये वाळू भरली आणि त्यावर रस्ता केला, पण फुटपाथ पोकळच ठेवले. आज तुम्ही बाजारात चालता तेव्हा पायाखाली बोगद्यासारखी मोकळी जागा असते, काही ठिकाणी उजेड खाली जावा म्हणून फरशीत बसवलेल्या काचाही दिसतात.

१९२६ मध्ये टेकडीवर ॲस्टोरिया कॉलम उभा राहिला, १२५ फुटी, अंगावर गावाचा इतिहास गोल गोल चित्रांत चढत गेलेला, आत १६४ पायऱ्या. वर जाऊन हलक्या लाकडाची खेळण्यातली विमानं सोडायची प्रथा वर्षानुवर्षं होती. १९६६ मध्ये नदीवर वॉशिंग्टन राज्यापर्यंत जाणारा साडेसहा किलोमीटरचा पूल झाला, विरोधक त्याला कुठेच न जाणारा पूल म्हणायचे, पण टोलमधून कर्ज फिटलं आणि १९९३ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी टोल बंदसुद्धा झाला. (टोल बंद होतो हे वाचून आपल्याला नवल वाटणारच.) सॅमन मात्र तोपर्यंत आटला होता, धरणं झाली, बेसुमार मासेमारी झाली, आणि बंबल बी या मोठ्या कंपनीची इथली शेवटची कॅनरी १९८० मध्ये बंद पडली.

आता गाव चालतं पर्यटन, कोस्ट गार्ड, थोडी मासेमारी आणि बिअरवर. १८९४ पासूनचा रेगाटा, म्हणजे बोटींचा उत्सव, ऑगस्टमध्ये भरतो, जूनमध्ये स्कँडिनेव्हियन लोकांचा मिडसमर फेस्टिव्हल, काठाने १९१३ सालची जुनी ट्रॉली स्वयंसेवक चालवतात. २०१३ मध्ये गदरची शताब्दी गावाने साजरी केली, तेव्हा बऱ्याच गावकऱ्यांनाही हे पहिल्यांदाच कळलं.

आणि सी लायन, म्हणजे सीलसारखे मोठे समुद्री प्राणी. पूर्वेकडच्या धक्क्यावर शेकड्यांनी येऊन पडतात, रात्रभर भुंकतात, धक्के मोडतात. २०१५ मध्ये त्यांना घाबरवायला मोटर बसवलेला फायबरचा खोटा ऑर्का (सी लायनना खाणारा किलर व्हेल) आणला, बघायला हजारभर लोक काठावर जमले, आणि तो ऑर्का थोडा पुढे जाऊन उलटाच झाला. सी लायन अजून तिथेच आहेत.