रुबातो आणि रिटार्डांडो: रेंगाळलं म्हणजे भाव आला असं नाही

शोपँचं ई मायनर प्रेल्यूड (पियानोचा छोटा तुकडा), म्हणजे त्याच्या ओपस २८ या संचातलं चौथं, पियानो शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतं. अवघे २५ बार (तालाचे समान कप्पे), बोटांना फारसे कष्ट नाहीत, वर वेग लार्गो, म्हणजे अगदी संथ. आणि ऐकू येतं ते बहुधा असं: प्रत्येक बारच्या शेवटी गाडी थांबते, मग धक्का मारून पुढच्या बारात ढकलली जाते. असं का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘रुबातो आहे ना तो!’ नाही. तो रिटार्डांडो आहे, आणि तोही २५ वेळा.

रिटार्डांडो सगळ्यांना कळतो, त्यामुळे त्यावर शाई घालवण्यात अर्थ नाही. लय टप्प्याटप्प्याने उतरते, दोन्ही हात एकदम उतरतात, आणि पुढे ‘आ टेम्पो’ दिसलं की मूळ लय परत येते. रालेन्टांडो म्हणजे जवळपास तेच. या दोघांतल्या छटांवर तासभर वाद घालणाऱ्यांनी तो तास रियाजाला द्यावा. रिटेनूटो तेवढा वेगळा, तिथे लय हळूहळू न उतरता एकदम आवरली जाते.

रुबातोची गोष्ट निराळी. शब्दाचा अर्थ ‘चोरलेला’. चोरलेला कुणाकडून, हे न विचारल्यामुळे सगळा घोळ होतो. १७२३ साली इटालियन गायक-शिक्षक तोसी याने गाण्यातल्या या चोरीचं वर्णन केलं, त्यात खालचा बास आपल्या चालीने चालत राहतो आणि वरचा गळा तेवढा मागेपुढे होतो. ऑक्टोबर १७७७ मध्ये मोझार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रात हेच आहे: संथ चालीत आपण रुबातो करतो तेव्हा डाव्या हाताला त्याचा पत्ताही नसतो, आणि लोकांना याचंच नवल वाटतं. शोपँ आपल्या शिष्यांना सांगायचा की डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक, तो डळमळता कामा नये. त्याचा शिष्य मिकुली याने तर नोंदवून ठेवलंय की लयीच्या बाबतीत शोपँ कडक होता आणि मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, त्याच्या पियानोवरून कधी हलत नसे. डोळे मिटून, मान टाकून, वाटेल तिथे थांबणारा शोपँ लोकांनी नंतर रंगवला.

म्हणजे फरक ‘किती हळू’ यात नाहीच. लय सोडतो कोण, यात आहे. रिटार्डांडोत दोन्ही हात मिळून लय सोडतात. शोपँला अभिप्रेत असलेल्या रुबातोत डावा हात लय धरून बसतो आणि उजवा त्याच्यावर सैल होतो. विलंबित एकताल ऐकणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. तबल्यावरचा ठेका जागचा हलत नाही, गायक मात्रेच्या जरा अलीकडे-पलीकडे बोल टाकतो, कधी वाटतं हुकला, आणि समेवर बरोबर येऊन बसतो. गायकासाठी तबलजीच प्रत्येक मात्रेला थबकू लागला, तर त्याला भावपूर्ण साथ कुणी म्हणणार नाही. पियानोवर अडचण एवढीच की तबलजी आणि गायक एकाच माणसाचे दोन हात असतात, आणि ते एकमेकांना फितूर होतात.

आता हे प्रत्यक्ष पहिल्याच बारात पाहू. डाव्या हातात तीन स्वरांचा कॉर्ड, बारात आठ वेळा, एकसारखा. उजव्या हातात फक्त दोन स्वर: तीन ठोक्यांचा लांब बी, मग एका ठोक्याचा सी, आणि पुढच्या बारात पुन्हा बी. ई ला षड्ज मानलं तर हे पंचम आणि कोमल धैवत. धैवत उसासा टाकून पंचमावर परत येतो, सगळी व्याकुळता त्या एका अर्ध्या पायरीत आहे. हा सी कागदावर डाव्या हाताच्या सातव्या कॉर्डबरोबर पडतो. रुबातो करायचा तर डावा हात सातवा कॉर्ड वेळेवर वाजवतो, सी किंचित मागून येतो, आणि पुढच्या बारातला बी पहिल्या कॉर्डबरोबर नेमका बसतो. उशिराची भरपाई सी ने स्वतःच्या लांबीतून केली. डाव्या हाताच्या खिशाला हात लागला नाही.

किंचित म्हणजे किती, तेही पाहा. मेट्रोनोम ६० वर ठेवला आणि एक टिक म्हणजे एक क्वार्टर (बाराचा चौथा भाग) धरला, तर एक ठोका एका सेकंदाचा आणि डाव्या हाताचा प्रत्येक कॉर्ड अर्ध्या सेकंदाचा. सी ला उशीर करायचा तो सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा, फार तर दोन दशांश. उशीर अर्ध्या सेकंदावर गेला की सी थेट आठव्या कॉर्डवर जाऊन पडतो, आणि ऐकणाऱ्याला रुबातो ऐकू येत नाही, चुकीचा ताल ऐकू येतो. आणि हे प्रत्येक बारात करायचं नाही. सुरुवातीच्या तीन बारांत बी-सी तीनदा येतो. तिन्ही वेळा सी सारखाच उशिरा आणला तर तिसऱ्या वेळी ती लकब होते. पहिला सरळ ठेवावा, दुसरा किंवा तिसरा सैल सोडावा.

याच्या शेजारची एक सवय मला अजिबात सहन होत नाही: प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्याला डावा हात आधी आणि उजवा मागून. हात सुटे वाजले म्हणजे जुना, रसिक थाट आला असा समज असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत हे भरपूर ऐकू येतं, खरं आहे. पण सगळेच पहिले ठोके फुटले की सम उरत नाही, आणि सम नाही तर चोरी कशातून करणार?

आपण नक्की काय करतोय हे तपासायची रीत सोपी आहे. फक्त डावा हात मेट्रोनोमबरोबर, पहिल्या बारापासून बाराव्यापर्यंत, फोनवर रेकॉर्ड करा. मग मेट्रोनोम बंद करून त्या रेकॉर्डिंगवर फक्त उजवा हात वाजवा. आता डाव्याला थांबवणं तुमच्या हातात नाही. उजवा हात या परिस्थितीत जितका सैल होऊ शकतो, तितकाच तुमचा खरा रुबातो. बाकी सगळा रिटार्डांडो होता. पहिल्या दिवशी उजवा हात अगदी कोरडा वाटेल, सैलपणा सुचणारच नाही, कारण आजवर भाव म्हणून जे होत होतं ते सगळं डाव्या हाताला थांबवून होत होतं. आठवडाभर रोज दहा मिनिटं हे करा, मगच दोन्ही हात एकत्र आणा. त्यानंतर मेट्रोनोम ३० वर ठेवा, म्हणजे बारात दोनच टिक पडतील. चावी देऊन चालणाऱ्या मेट्रोनोमचा काटा सहसा ४० च्या खाली जात नाही, तेव्हा फोनवरचं ॲप वापरा. दोन टिकांच्या मधे मोकळीक, टिकेवर हजेरी.

डावा हात एकसारखा न वाजण्याचं कारण पुष्कळदा भावना नसून बोटं असतात. चावी पूर्ण वर येऊ देऊन पुन्हा मारली की कॉर्ड ठोकल्यासारखे येतात आणि कमीजास्त होतात. बोटं चावीला चिकटलेलीच राहू द्या, चावी अर्धवट वर आली की पुन्हा दाबा. ग्रँड पियानोची रचनाच अशी असते की चावी पूर्ण न सुटताही स्वर पुन्हा वाजतो. तीन स्वरांपैकी बहुतेक वेळा एकच स्वर अर्ध्या पायरीने खाली सरकतो. त्याला थोडं वजन, बाकी दोघांना कमी. या तुकड्याचा उदास रंग मुख्यतः या घसरणीतून येतो. त्यामुळे फार हळू वाजवलं की उदासी वाढत नाही, उलट हरवते: पुढचा स्वर सरकेपर्यंत कान मागचा विसरलेला असतो. पेडल कॉर्ड बदलेल तिथे बदलायचं, बारची रेघ आली म्हणून नाही. आणि नवा कॉर्ड वाजल्यावर लगेच, आधी नाही.

स्टॉपवॉच लावा. २५ बार म्हणजे १०० क्वार्टर. ६० च्या लयीत एक मिनिट ४० सेकंद. त्यात शेवटचा ठहराव आणि थोडा सैलपणा धरला तर दोन मिनिटांच्या आसपास. अडीच मिनिटं लागत असतील तर सरासरी लय ४० वर आली आहे. शोपँने खूण लिहिली आहे बारात दोन ठोक्यांची, चारची नाही. ४० च्या लयीत असा एकेक ठोका तीन सेकंदांचा होतो, आणि एवढ्या लांबच्या ठोक्यांवर चाल पेलत नाही. ‘लार्गो लिहिलंय म्हणून हळू’ म्हणणारे शेजारची ती खूण पाहतच नाहीत.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘रुबातो’ हा शब्द दुसऱ्या अर्थानेही वापरला जातो: दोन्ही हात मिळून ओळीच्या मध्याकडे थोडे पुढे सरतात आणि शेवटी सावरतात. हाही खरा रुबातो आहे, आणि आज रंगमंचावर तोच जास्त ऐकू येतो. चोरलेला वेळ पै-पैने परत करायलाच हवा ही कल्पना पोलिश पियानोवादक पाडेरेव्स्कीने तर सरळ झिडकारली होती. हिशेबाबद्दल त्याच्याशी भांडण नाही. पण या प्रकारातही पुढे सरणं असतं, हे लोक विसरतात. फक्त मागे खेचणं आणि पुढे कधीच न जाणं म्हणजे चोरी नव्हे, नादारी. या प्रेल्यूडमध्ये डावा हात इतका उघडा आहे की दोन्ही हातांचा रुबातो जपूनच करावा. पहिल्या अर्ध्यात तर शक्यतो नकोच.

एक जागा मात्र अशी आहे जिथे दोन्ही हातांनी मिळूनच लय बदलायची आहे, आणि नेमकी तिथेच बहुतेक जण उलट वागतात. सोळाव्या बारात शोपँने लिहिलंय ‘स्ट्रेटो’. इथे अर्थ आवळून, घाईने. पुढच्याच बारात फोर्टे, म्हणजे मोठा आवाज, येतो, तुकड्याचं शिखर तेच. शिखर आलं की थांबून ते दाखवायचा मोह होतो, म्हणून लय पडते. कागद म्हणतो पुढे ढकला. ६० वर चालत असाल तर इथे ७२-७६ पर्यंत जायला हरकत नाही, आणि ही घाई सोळाव्या बाराच्या सुरुवातीलाच एकदम न आणता दोन बारांत चढू द्या. अठराव्यात आवाज उतरू लागला की लयही आपोआप मूळ जागी येते. तिला ब्रेक लावू नका. आणि एवढ्या सगळ्या बारांत शोपँने ‘रिटार्डांडो’ हा शब्द एकदाही लिहिलेला नाही. ‘रुबातो’ही नाही. लय बदलायला सांगणारा सरळ शब्द एकच, आणि तो वेग वाढवायला सांगतो.

बाराव्या बारात पहिला अर्धा संपतो, तिथे श्वासाएवढा ठहराव चालेल; तेराव्यात तीच सुरावट परत येते, ती मूळ लयीत सुरू झाली पाहिजे. शेवटाकडे ‘स्मोर्झांडो’ आहे. त्याचा अर्थ विझत जाणं, म्हणजे आधी आवाज, मग थोडी लय. उलट क्रमाने केलं तर आवाज तसाच आणि लय बसलेली, असं बॅटरी संपलेल्या खेळण्यासारखं ऐकू येतं. तेविसाव्या बारात फर्माटा (लांबवण्याची खूण) आहे तो विरामावर, कॉर्डवर नाही. तेव्हा ताणायची ती शांतता. कॉर्ड लिहिलाय तेवढाच, आणि विराम आला की पेडल पूर्ण वर. इथे पेडल दाबून धरणारे शोपँने लिहिलेली शांतताच गाळून टाकतात.

शूमानच्या ‘ट्रॉयमेराय’ या पियानोच्या तुकड्याचंही असंच होतं. त्याने त्यावर मेट्रोनोमचा आकडा १०० लिहिला, आणि तो इतक्यांना खटकला की बहुतेक जण त्याहून कितीतरी हळू वाजवतात. १०० वर वाजवलंच पाहिजे असं नाही. पण एकदा १०० वर वाजवून पाहिल्याशिवाय आपण किती मागे आलोय ते कळत नाही. तिथे शूमान लय कुठे सोडायची ते स्वतः लिहितो. त्याने लिहिलेला रिटार्डांडो ऐकू यायचा असेल तर त्याआधी लय असायला लागते.

माझुर्का या पोलिश नाचाच्या संगीतात आणखी एक तिसराच प्रकार आहे. शोपँचा शिष्य लेन्झ त्याच्यासमोर ओपस ३३ मधला एक माझुर्का वाजवत असताना संगीतकार मायरबेअर म्हणाला, हा तर २/४ (बारात दोन ठोके) आहे; शोपँ भडकला, ३/४ (तीन ठोके) म्हणून अडून बसला. तिथे बारातल्या तीन ठोक्यांची लांबीच मुळात असमान असते, नाचातून आलेली. त्याला ना रुबातो म्हणून भागतं ना रिटार्डांडो म्हणून, आणि तो ढंग उचलून या प्रेल्यूडवर चिकटवला तर डाव्या हाताचे आठ कॉर्ड लंगडे होतात.

प्रेल्यूडच्या शेवटच्या तीन कॉर्डना आवाज अगदी खाली. फर्माटानंतर ते मूळ लयीतच वाजवावेत, मोजून. त्यांची लांबी आधीच इतकी आहे की वर आणखी ताणण्याची गरज नाही. शेवटचा ई मायनर कॉर्ड वाजला की चार ठोके मोजा, आणि बोटं व पेडल एकदमच उचला.