‘ना’च्या आधीची शांतता

तबल्याच्या चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, तर्जनी पडते आणि ‘ना’ हा बोल उमटतो. बोट पुडीला लागण्याआधी तिथे काहीही नसतं, आणि लागल्यावर क्षणार्धात आवाज शिखरावर पोचलेला असतो. बासरी किंवा सारंगीचा स्वर चढत चढत येतो, ‘ना’ मात्र एकदम येऊन उभा राहतो. म्हणून कुठलंही नवं यंत्र किंवा नवी फाइल पारखायची असली की मी आधी तबला लावते. गाणं नंतर.

ही सवय लागली ती बाबांच्या सीडींमुळे. आमच्या कांदिवलीच्या घरात शंभरएक सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय. त्यातल्या बऱ्याचशा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणलेल्या. ते दुकान २०१६ साली बंद झालं. सीडी प्लेअर त्याच्याही आधी बिघडला होता. मुंबईची दमट हवा या चकत्यांना मानवत नाही. लाखेचा थर कुठे उघडा पडला की आतल्या ॲल्युमिनियमच्या पातळ थराला हवा लागते, तो गंजत जातो, आणि त्या जागी वाचायला काही उरत नाही. सगळ्या सीडी फाइलींमध्ये उतरवून घ्यायच्या आणि त्या वाजवायला एक चांगला खिशातला प्लेअर घ्यायचा, असं आम्ही ठरवलं. फाइली कुठल्या प्रकारच्या करायच्या, इथून सगळा अभ्यास सुरू झाला.

सोनी आणि फिलिप्सने १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली. तेव्हा ठरलेले आकडे आजही पायाभूत आहेत. हवेच्या दाबाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घ्यायचं, प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं, आणि हे डाव्या-उजव्या दोन्ही कानांसाठी वेगवेगळं करायचं. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे तासाभराच्या मैफलीला सव्वासहाशे मेगाबाइटहून थोडं जास्त. नव्वदच्या दशकात एवढी फाइल फोनच्या तारेवरून उतरवायची म्हणजे दिवस जायचा. त्या अडचणीतून एमपी३ पुढे आलं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतले संशोधक त्यामागे होते.

एमपी३ची कल्पना खरोखर हुशारीची आहे. फलाटावर गाडीचा भोंगा वाजत असताना शेजारचा काय बोलला ते आपल्याला कळत नाही. तो बोललेला असतो, पण भोंग्याखाली त्याचं बोलणं झाकलं जातं. कानाचं हे झाकलं जाणं मोजता येतं. एका पट्टीतला मोठा आवाज आजूबाजूच्या पट्ट्यांतले बारीक आवाज झाकतो. इतकंच काय, मोठा आवाज येण्याच्या अगदी थोडं आधीचं आणि तो गेल्यानंतरचंही काही झाकलं जातं. जे झाकलंच जाणार ते कशाला नीट लिहून ठेवायचं? तिथे ओबडधोबड लिहिलं तरी चालेल. अशा हिशेबाने १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटांची, फाइल सीडीच्या अकराव्या हिश्शात बसते.

आता ‘ना’कडे परत येऊ. एमपी३ आवाजाकडे थेट बघत नाही, १,१५२ मापांच्या खिडकीतून बघतं. ४४,१०० ने भागलं तर ही खिडकी साधारण २६ मिलिसेकंदांची होते. ओबडधोबड लिहिण्यातून जी खरखर तयार होते ती या पूर्ण खिडकीभर पसरते. खिडकीच्या शेवटाकडे ‘ना’ पडला असेल, तर त्याच्या आधीच्या निखळ शांततेतही ती खरखर जाऊन बसते. कान मोठ्या आवाजाच्या आधीचे काही मिलिसेकंद झाकून घेतो, वीस-पंचवीस नाही. मग ‘ना’च्या आधी एक बारीकशी ‘फस्’ ऐकू येते, जणू वादकाने बोट आपटण्याआधी पुडीवर घासलं. याला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. एमपी३ बनवणाऱ्यांना ही खोड माहीत होती. असा ठोका ओळखून खिडकी लहान करण्याची सोय त्यांनी त्यातच करून ठेवली आहे. पण बिट कमी असले की ती पुरी पडत नाही. तिरकिट द्रुतलयीत आलं की बोल एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात.

लॉसलेस फाइलीत हे होत नाही, कारण तिथे काही टाकलंच जात नाही. तरीही फाइल निम्म्याच्या आसपास येते. बाबांचा यावर विश्वास बसेना. “काही टाकलं नाही तर कमी कशी झाली गं?” मी त्यांना लोकलचं उदाहरण दिलं. विरारहून येणारी प्रत्येक गाडी रोज नेमकी किती वाजता आली ते वहीत लिहायचं आहे, असं समजा. ८:१४, ८:१७, ८:२२ असं रोज लिहीत बसलो तर वही भरेल. त्यापेक्षा वेळापत्रक एकदाच लिहायचं आणि रोज फक्त उशीर टिपायचा: ०, २, १, ०, ३. वेळापत्रकात उशीर मिळवला की नेमकी वेळ जशीच्या तशी हाती. फ्लॅक, म्हणजे लॉसलेस फाइलींचा एक प्रकार, हेच करतं. मागच्या काही मापांवरून पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधतं आणि अंदाज व खरं माप यांतला फरक तेवढा लिहितं. फरक बहुधा लहान असतात. लहान आकडे थोड्या बिटांत बसवण्याची युक्ती नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या रॉबर्ट राइस यांची, सत्तरच्या दशकातली, अवकाशयानांकडून येणारी माहिती आटोपशीर करण्यासाठी काढलेली. ती आज आपल्या खिशात गाण्यांसाठी राबते आहे, याचा मला फार आनंद वाटतो. जॉश कोल्सन यांनी फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली केली.

तंबोरा आणि संथ आलाप चालू असतो तेव्हा अंदाज बरोबर येतात आणि फाइल छान आकसते. तबला सुरू झाला की अंदाज चुकतात, फरक मोठे होतात, फाइल तिथे फुगते. पण ती फुगली तरी काही गमावत नाही. शिवाय मूळ आवाजाचा एक गणिती ठसा फाइलीच्या सुरुवातीलाच कोरलेला असतो. वीस वर्षांनी कुणी ती उघडून ठसा जुळवला, तर एकही बिट हललेला नाही हे त्याला ताडून पाहता येईल.

उलट दिशेने मात्र हे होत नाही. एकदा ‘लॉसलेस’ म्हणून विकत घेतलेला एक अल्बम मला विचित्र वाटला. संगणकावर त्याचं वर्णपटचित्र काढलं. त्यात वेळ आडवी आणि कंपनसंख्या उभी दिसते. १६,००० हर्ट्झच्या वर सगळं काळंभोर होतं, जणू कुणी पट्टी ठेवून कापलंय. जुनी एमपी३ फाइल फ्लॅकच्या डब्यात भरून विकली होती. जे एकदा टाकलं ते मोठ्या डब्यात घातल्याने परत येत नाही.

मग ९६,००० किंवा १,९२,००० मापं घेणाऱ्या ‘हाय-रेस’ फाइली आणखी चांगल्या का? इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. जाहिरातींत डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा दाखवतात, आणि मापं वाढवली की पायऱ्या बारीक होतात असं सुचवतात. पण प्लेअरमधून बाहेर येणाऱ्या आवाजात पायऱ्या नसतातच. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या सिद्धतेनुसार, मापं घेण्याच्या वेगाच्या निम्म्याहून कमी कंपनसंख्येचा कुठलाही आवाज त्या मापांवरून पूर्णपणे परत उभा करता येतो, अंदाजे नाही. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. माणसाचा कान तरुणपणी जेमतेम २०,००० पर्यंत पोचतो आणि वयानुसार मर्यादा खाली येते. सगळ्या मापांतून जाणारी आणि या मर्यादेत बसणारी गुळगुळीत रेघ एकच असते. ती रेघ काढणं हे डॅक नावाच्या चिपचं काम.

बिटांचंही तसंच. १६ बिट म्हणजे ६५,५३६ वेगवेगळे आकडे. त्यातून सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. २४ बिटांत ते कागदावर १४४ होतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला याचा मोठा उपयोग आहे, कारण गायक अचानक तारसप्तकात गेला तरी आवाज फाटू नये म्हणून त्याला वर जागा मोकळी ठेवता येते. ऐकणाऱ्याला घरात १६ बिट भरपूर झाले, असं माझं मत आहे.

हे मत मी स्वतःवर तपासलं. एकाच तुकड्याची फ्लॅक आणि एमपी३ अशी जोडी करायची, आवाजाची पातळी दोन्हींत काटेकोर सारखी ठेवायची, कारण अर्धा डेसिबल मोठं असलेलंच कानाला चांगलं वाटतं. मग कुठली वाजते आहे ते न कळता सोळा वेळा ओळखायचं. निव्वळ अंदाजाने सोळापैकी बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी, म्हणून बाराची रेघ धरली. १२८ केबीपीएसला तबल्यावर मी पंधरा वेळा बरोबर ओळखलं. ३२० ला फक्त नऊ वेळा. तेही रात्री, दारं-खिडक्या लावून.

म्हणजे लॉसलेसचं पहिलं मोल जपणुकीचं आहे. उद्या नवा प्रकार आला तर एमपी३ वरून पुन्हा काढलेली प्रत आणखी झिजेल, फ्लॅकवरून काढलेली नाही. आणि २५६ जीबीच्या नखाएवढ्या कार्डावर सातशे तासांच्या आसपास फ्लॅक मावतो, तर जागेची काटकसर कशाला करायची?

मग खास प्लेअर कशाला? फोन पुरे नाही का? बऱ्याचदा पुरतो. फरक पडतो तो अशा जागी, जिची जाहिरात कुणी करत नाही. प्रत्येक प्लेअरच्या तोंडाशी स्वतःचा थोडा विद्युत अडथळा असतो. अनेक छोटे ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इअरफोनचा अडथळा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. समजा तो एका पट्टीत ८ ओहम आणि दुसरीत ४० आहे. प्लेअरचा अडथळा १० ओहम असेल, तर पहिल्या पट्टीला विद्युतदाबाचा ४४ टक्के वाटा मिळतो आणि दुसरीला ८०. दोन पट्ट्यांत पाच डेसिबलचा फरक पडला, तोही फाइलीत नसलेला! प्लेअरचा अडथळा १ ओहम असला, तर हाच फरक एका डेसिबलच्या आत येतो. घेताना ‘आउटपुट इम्पीडन्स’ हा आकडा विचारावा. दुकानदाराला तो ठाऊक नसेल, तर खोक्यावरच्या कागदात बघावा.

आणि महागडा प्लेअर घेऊन त्याला ब्लूटूथचा नेकबँड जोडू नये. ब्लूटूथवर बहुधा आवाजाची माहिती पुन्हा काटछाट करून लहान केली जाते. नेहमीच्या एसबीसी पद्धतीत ३२८ केबीपीएसच्या आसपास, सोनीच्या एलडॅकमध्ये जास्तीत जास्त ९९०. सीडीचे १,४११ या दोन्हींत मावत नाहीत. सोय म्हणून वापरावा, पण मग लॉसलेसचा आग्रह तिथेच संपतो.

लोकलमध्ये तर हिशेबच बदलतो. साध्या गाडीच्या डब्यात, खिडकीतून रुळांचा खडखडाट येत असताना, तंबोऱ्याची आस, म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, ऐकू येणं कठीण. आस ही खरी नाजूक गोष्ट. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे स्वरांश (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट अशा पटींत कंप पावणारे बारीक स्वर) उमटायला नकोत, तरी तंबोऱ्यात ते घुमतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच नोंदवलं होतं. जवारीची वक्र घोडी आणि तिच्यावरचा दोरा यांची ती करामत. गोंगाटात ती आधी बुडते. मग आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावं, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी करावी. ८९ ला पाचच तास उरतात. बोरिवली ते चर्चगेट रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचे ते तीन दिवसांत संपतील.

उपाय फाइलीत नाही, कानात आहे. इअरफोनच्या तोंडाला बसवलेले फोमचे बोळे चिमटीत दाबून बारीक करायचे, कान दुसऱ्या हाताने वर ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचं. फोम फुगतो, फट बुजते, बाहेरचा गोंगाट वीसएक डेसिबलने उतरतो आणि इअरफोनचा खर्जही भरून येतो. डग्ग्याची घुमक तेव्हा खरी कळते. हजार रुपयांच्या आतले हे बोळे माझ्या प्लेअरपेक्षा जास्त कामाला आले. मात्र फलाटावर आणि रस्ता ओलांडताना ते काढलेच पाहिजेत. कान इतका बंद झाला की मागून येणारी गाडीही ऐकू येत नाही.

सीडी उतरवायचं काम रविवारी चालतं. चरा बारीक असेल, अडीच मिलिमीटरपर्यंत, तर सीडीवरच्या जादा आकड्यांवरून हरवलेली मापं पुन्हा अचूक काढता येतात. त्याहून मोठा असेल तर साधा प्लेअर तिथे अंदाजाने काहीतरी भरतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून मी तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहणारा प्रोग्रॅम वापरते. तो शेवटी वाचलेल्या आकड्यांची बेरीज त्याच सीडीच्या जगभरातल्या इतर प्रतींशी ताडून बघतो. बाबा शेजारी बसून पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना बघतात. “जुळली?” जुळली की ते सीडी मऊ कापडाने मधून बाहेर अशी पुसून परत डबीत ठेवतात.

आतापर्यंतच्या सगळ्या जुळल्या, एक सोडून. मध्यलयीतल्या एका बंदिशीत, समेच्या जरा आधी, दोन सेकंद वाचलेच जात नाहीत. बाबांनी त्या डबीवर पेन्सिलीने खूण केली आहे. तिची दुसरी प्रत कुणाकडे निघते का, ते आम्ही विचारत असतो.