‘टक’ आवाज आला म्हणजे बॅटरी गेली, हे खरे नाही

गाडीचा सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक’ आवाज येऊन इंजिन फिरले नाही, की बॅटरी संपली असे मानण्याची रीत जुनी आहे, आणि त्यापायी धडधाकट बॅटऱ्याही भंगारात जातात. स्टार्टरला (इंजिन फिरवणाऱ्या सेल्फच्या मोटरला) दीडशे अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो, आणि तो इंजिन ब्लॉकमधून अर्थ वायरीवाटेच बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे परततो, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. या वाटेत ०.०१ ओहम इतका क्षुल्लक रोध आला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि स्टार्टरला तेवढा कमी मिळतो. कळंगुट किंवा वास्कोसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात खारा वारा आणि पावसाळी दमट हवा यांमुळे अर्थ वायरीचा बोल्ट गंजतो. वरून तो घट्ट दिसतो, पण सोडवल्यावर लगाखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) तपकिरी थर सापडतो.

खात्री करायची तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (तिच्यावर आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरावी व दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष अर्थिंगचा, म्हणजे प्रवाहाच्या या परतीच्या वाटेचा. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांमधला दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर मात्र संशय बॅटरीवरच घ्यावा, अर्थात ती आधी पूर्ण चार्ज केलेली असली पाहिजे. अर्थिंग सदोष निघाल्यास निगेटिव्ह क्लॅम्प आधी काढून लग व बोल्ट घासावेत, घट्ट आवळावेत आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.