खाण संपली, पण कोणत्या धातूची?

१८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग गावी फर्डिनांड राइश जस्ताच्या खनिजाचा नमुना तपासत होते. त्यांना रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून ज्योतीत धरलेल्या नमुन्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशातले वेगवेगळे रंग, बघायचं काम त्यांनी सहकारी थिओडोर रिश्टर यांच्यावर सोपवलं. रिश्टरना त्यात एक अनोळखी गडद निळी रेषा दिसली आणि इंडियम हा नवा धातू सापडला. पुढे १८८६ मध्ये याच भागातल्या एका खाणीच्या चांदीच्या खनिजाचं पृथक्करण करताना क्लेमेन्स विंकलर यांना जवळजवळ सात टक्के वजनाचा हिशेब लागेना. ती तूट म्हणजे जर्मेनियम हे नवं मूलद्रव्य.

खाणवाल्यांना यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. आज इंडियम स्पर्शपडद्याच्या पारदर्शक थरात लागतं आणि जर्मेनियम ऑप्टिकल फायबरमध्ये व अवरक्त कॅमेऱ्यांच्या भिंगांत. चीनने ऑगस्ट २०२३ पासून जर्मेनियम आणि गॅलियमच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हा अनेक देशांना आपल्या बंद खाणी आठवल्या. त्यात तथ्य आहे. 'खाण संपली' असं जुन्या कागदात लिहिलेलं असतं तेव्हा त्या काळच्या भावात, त्यांना हवा असलेला एक धातू परवडेनासा झाला, एवढाच त्याचा अर्थ असतो. प्रयोगशाळेला चांदी किती, शिसं किती, एवढंच विचारलेलं असे. तिने तेवढंच सांगितलं.

जर्मनी-चेक सीमेवरच्या झिनवाल्ड आणि त्सिनोव्हेत्स या जोडगावांत शतकानुशतकं कथील निघालं, नंतर टंगस्टन. त्याच खडकात करडं अभ्रक खच्चून भरलेलं होतं. त्यात लिथियम आहे हे एकोणिसाव्या शतकात कळलं, काही काळ ते काढलंही गेलं, पण मान कथलाचाच राहिला. आता याच अभ्रकामुळे त्सिनोव्हेत्सचा साठा युरोपातल्या कठीण खडकातल्या सर्वांत मोठ्या लिथियम साठ्यांत गणला जातो.

मग नव्याने शोधायचं म्हणजे काय करायचं? पहिलं काम गोदामात. पूर्वी ड्रिलिंग करून काढलेले खडकाचे दंडगोल, म्हणजे कोअर, पेट्यांमध्ये ओळीने रचून ठेवलेले असतात. पेटी पट्ट्यावरून सरकते, वरून प्रखर प्रकाश पडतो आणि कॅमेरा परावर्तित प्रकाश शेकडो तरंगलांबींत वेगळा करून नोंदवतो. अभ्रक आणि चिकणमातीची खनिजं २२०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, त्यामुळे आलेखात तिथे खाच पडते. अभ्रकातलं ॲल्युमिनियम कमी-जास्त झालं की ही खाच काही नॅनोमीटर सरकते. एवढ्याशा फरकावरून खनिजं आणणारं गरम पाणी खडकात कुठून कुठे फिरलं याचा माग काढता येतो. डोळ्यांना मात्र सगळा कोअर एकसारखा करडाच दिसतो.

हातात धरायचं क्ष-किरण यंत्र मिनिटाभरात कथील, जस्त, टंगस्टन दाखवतं. लिथियम मात्र नाही. इतक्या हलक्या अणूचे क्ष-किरण इतके दुबळे असतात की ते यंत्रापर्यंत पोचतच नाहीत. त्यासाठी लेसरने खडकावर ठिणगी पाडून तिचा वर्णपट बघतात. म्हणजे रिश्टरचीच रीत, फक्त ज्योतीच्या जागी लेसर.

खोलवर बघायला हेलिकॉप्टरखाली तारेचं मोठं वेटोळं टांगतात. त्यातला प्रवाह झटक्यात तोडला की जमिनीतल्या विद्युतवाहक खनिजांत प्रवाह उठतो, आणि तो किती वेळ टिकतो यावरून अंदाज बांधतात. पण ग्रॅफाइट आणि खारं पाणीही तसाच प्रतिसाद देतात. शिवाय इंडियम, जर्मेनियम ज्यात दडलेलं असतं ते जस्ताचं सल्फाइड स्वतः वीज नीट वाहूच देत नाही. म्हणून त्याच्या सोबतीला असणारी, वीज वाहणारी खनिजं शोधायची आणि मग ड्रिल लावायचं.

संगणकाला जुने नकाशे 'शिकवून' नव्या जागा सुचवून घ्यायची सध्या फार हवा आहे. माझ्या मते तिथे जरा हात आखडता घ्यावा. माणसांनी जिथे आधी खोदलं तिथलीच माहिती दाट असते, त्यामुळे संगणकही तिकडेच बोट दाखवतो. त्यात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले नकाशे खोली फॅदममध्ये देतात, तीही पाणी बाहेर सोडणाऱ्या बोगद्याच्या पातळीपासून. ४०० फॅदम म्हणजे सुमारे ७३० मीटर, पण शून्य कुठे धरलंय हे चुकलं तर खनिजाची शीर भलत्याच जागी उमटते. जुन्या आकड्यांवर विसंबण्याआधी मूळ भोकाला लागून एक नवं भोक पाडून ताडून बघतात, ते यासाठीच.

खाणीबाहेरचे ढीग हा आणखी एक साठा. त्यातला बराचसा दगड आधीच दळलेला असतो, म्हणजे एक खर्चीक काम झालेलं. पण त्यात अनेकदा आर्सेनिक असतं, आणि उघड्यावर पडलेली सल्फाइडं हवा-पाण्याने आम्ल बनवत असतात. ढीग हलवायचा तर या दोन्हींची सोय आधी करावी लागते.

आणि साठा सापडला तरी इंडियम-जर्मेनियमसाठी सहसा कोणी वेगळी खाण काढत नाही. खनिजात त्यांचं प्रमाण दर दहा लाखांत काही दहा किंवा शे-दोनशे भाग, एवढंच असतं. ती मुख्यतः जस्ताबरोबर निघतात, आणि जस्त वितळवणाऱ्या कारखान्याने वेगळी यंत्रणा बसवली नाही तर गाळाबरोबर पुन्हा ढिगातच जातात.