पेट्रोलची पिकअप पुन्हा घाटात कशी आली

अमेरिकेतला आंतरराज्य महामार्ग ७० कोलोरॅडो राज्यातलं डेन्व्हर सोडून पश्चिमेला निघाला की रॉकी पर्वतात शिरतो. डेन्व्हरची उंची ५,२८० फूट. तिथून साधारण ६० मैलांवर आयझेनहॉवर बोगदा आहे आणि त्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. मागे कॅम्पर (राहण्याची सोय असलेला ट्रेलर), घोड्यांचा ट्रेलर किंवा बोट जोडून हा रस्ता चढणाऱ्या गाड्या उन्हाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी रांगेने दिसतात. त्या ओढणाऱ्या बहुतेक गाड्या म्हणजे हेवी-ड्यूटी पिकअप: फोर्डची एफ-२५० किंवा ३५०, जनरल मोटर्सच्या शेवरलेची सिल्व्हरॅडो २५००, रॅम (पूर्वीची डॉज) २५००. अशी गाडी घेताना पेट्रोल की डिझेल, या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ वीस वर्षं ठरलेलं होतं. डोंगरात राहता ना? मग डिझेल घ्या, विषय संपला. आज तो विषय तितका सहज संपत नाही. त्याचं कारण समजायला थोडं मागे जावं लागतं.

हा बोगदा १९७३ मध्ये सुरू झाला. त्याआधी सगळी वाहतूक ११,९९० फुटांवरच्या लव्हलँड खिंडीतून जायची. ज्वलनशील माल नेणारे ट्रक एरवी आजही तिकडूनच जातात. बोगद्यामुळे घाटाचा माथा खाली आला, पण चढ काही गेला नाही. पश्चिमेच्या डिलन गावाकडून बोगद्याकडे येताना सुमारे आठ मैल सलग चढण आहे, काही ठिकाणी ७ टक्क्यांची. म्हणजे १०० फूट पुढे गेलं की ७ फूट वर.

त्या काळात ओझं ओढायला पेट्रोलचीच इंजिनं असायची. फोर्डचं ४६० घनइंची, शेवरलेचं ४५४ घनइंची, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपासची धिप्पाड आठ सिलिंडरी व्ही-८. सपाटीवर त्यांना तोड नव्हती. घाटात मात्र कार्ब्युरेटर आडवा यायचा. उंचीवर हवा विरळ होते, कार्ब्युरेटर पेट्रोल मात्र सपाटीच्याच हिशेबाने सोडतो. मिश्रण पेट्रोलने जड होतं, गाडी काळा धूर टाकते आणि दम सोडते. डोंगरातले मेकॅनिक म्हणून लहान जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, बसवून द्यायचे. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात या मोठ्या इंजिनांवर फ्युएल इंजेक्शन आलं आणि हा त्रास मिटला.

त्या काळाची एक खूण कोलोरॅडोतल्या पंपांवर अजून शिल्लक आहे. अमेरिकेत साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं असतं (ऑक्टेन जास्त तितका इंजिनातला ठोका, म्हणजे अवेळी होणारा स्फोट, कमी), पण रॉकी पर्वतातल्या राज्यांत सर्वांत स्वस्त नळीवर ८५ लिहिलेलं असतं. विरळ हवेत सिलिंडरमधला दाब कमी, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांत ठोका कमी पडायचा आणि ८५ वर भागायचं. आजची इंजिनं जास्त कॉम्प्रेशनची असतात आणि फोर्डसारख्या कंपन्या ८७ च्या खालचं पेट्रोल वापरू नका असं सांगतात. मागे चार-पाच टनांचा ट्रेलर आणि समोर सात टक्क्यांचा चढ असताना ८५ भरलं, तर इंजिनातला संगणक ठोका टाळायला ठिणगी मागे घेतो आणि त्याबरोबर ताकदही जाते. पाहुण्या गाड्या तीच नळी उचलतात. चार पैसे वाचवायची ही जागा नव्हे, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

डिझेल पिकअपमध्ये रुजलं ते १९८०च्या दशकात. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये ६.२ लिटरचं दिलं, फोर्डने १९८३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचं ६.९ लिटरचं. दोन्ही बिनटर्बोची, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा नसलेली. इंधनाची बचत होती, पण चढावर रडगाणं कायम. खरी उलथापालथ केली ती १९८९च्या डॉजने. कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी टर्बो इंजिन तिच्या बॉनेटखाली आलं. १६० अश्वशक्ती आजच्या मानाने काहीच नाही, पण ४०० पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) होता आणि तोही इंजिन मिनिटाला जेमतेम १,७०० फेऱ्यांवर असताना.

कमिन्स हे नाव पुण्याला नवीन नाही. १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीतून किर्लोस्कर कमिन्स पुण्यात उभी राहिली. डॉजमधल्या त्या बी-मालिकेचंच ५.९ लिटरचं इंजिन १९९०च्या दशकात जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये बनू लागलं आणि टाटांच्या ट्रकांत बसलं. खोपोलीहून खंडाळ्याकडे माल चढवणारे ट्रक आणि कोलोरॅडोत घोडे ओढणाऱ्या पिकअप यांत काही वर्षं एकाच घराण्याचं इंजिन धडधडत होतं.

टर्बोमुळे घाटातलं गणितच बदललं. बिनटर्बोचं इंजिन बाहेर असेल तेवढीच हवा ओढू शकतं. ढोबळ हिशेब असा, की दर हजार फुटांना तीन टक्के ताकद कमी. बोगद्यापाशी पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश गेलेली असते. टर्बो विरळ हवा दाबून आत भरतो, त्यामुळे त्याच्या ताकदीला तिथे फारशी झळ लागत नाही.

पेट्रोलवाल्यांनी लगेच हार मानली असं मात्र नाही. १९९४ मध्ये डॉजने ८ लिटरचं व्ही-१० आणलं. १९९९ मध्ये फोर्डच्या नव्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये ६.८ लिटरचं व्ही-१० आलं. २००१ मध्ये जनरल मोटर्सने ८.१ लिटरचं व्होर्टेक आणलं आणि त्याला ॲलिसनचा गिअरबॉक्स दिला. ओढायला तिन्ही दमदार होती. पण पेट्रोल पिण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. २००१ मध्येच जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स डिझेल ५२० पौंड-फूट टॉर्क घेऊन बाजारात आलं आणि २००८ मध्ये अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. डॉजने आपलं व्ही-१० तोवर बंद केलं होतं, ८.१ लिटरचं व्होर्टेक पिकअपमधून गेलं, फोर्डचं व्ही-१०ही पुढच्या काही वर्षांत गेलं. मोठ्या पेट्रोल इंजिनांचं पर्व तिथे संपलं, असंच सगळ्यांनी धरलं.

नेमक्या त्याच सुमाराला डिझेलच्या पायात बेड्या पडत होत्या. २००७ पासून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने धुरातल्या काजळीवर कडक मर्यादा घातली, म्हणून धुराड्यात गाळणी आली. २०१० पर्यंत नायट्रोजन ऑक्साइडवरची मर्यादाही कडक झाली, त्यासाठी युरियाचं द्रावण फवारावं लागलं आणि गाडीला दुसरी टाकी जडली. हे नियम योग्यच होते. हवेचा प्रश्न खोटा नव्हता. नियम चुकवायचे प्रयत्नही झाले. २०१३ ते २०१९ मधल्या रॅम पिकअपच्या इंजिनांत चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर असल्याच्या आरोपावरून कमिन्सने २०२४ मध्ये १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. स्वच्छ हवा कायद्याखालचा तो तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड होता.

मालकाच्या दृष्टीने झालं असं, की डिझेल इंजिनाची ताकद वाढत गेली आणि त्याचबरोबर त्याच्याभोवतीचा पसाराही. गाळणी जाळून साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापलेलं राहावं लागतं. महिन्यातून दोनदा ट्रेलर ओढायचा आणि एरवी मुलांना शाळेत सोडायला, किराणा आणायला हीच गाडी, अशा वापरात ती गाळणी चोंदते. शिवाय डिझेलसाठी गाडीच्या किमतीवर साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात आणि वर्षानुवर्षं डिझेल पेट्रोलपेक्षा महाग राहिलंय.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये सहसा सांगत नाहीत. डिझेल इंजिन कित्येकशे पौंडांनी जड असतं. पाऊण टनी वर्गातल्या (एफ-२५०, २५००) पिकअपचं भरलेलं एकूण वजन बहुधा १०,००० पौंडांच्या मर्यादेत बसवलेलं असतं. इंजिन जड झालं की गाडीत माणसं, सामान आणि ट्रेलरचा भार यांना उरलेली जागा तेवढीच घटते. फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडला जाणारा, आपल्या वजनाचा १५ ते २५ टक्के भार थेट पिकअपच्या पाठीवर टाकतो. डिझेलची एफ-२५० घेऊन त्यावर मोठा फिफ्थ व्हील जोडणारे कितीतरी लोक ओढण्याच्या मर्यादेच्या खूप आत असतात आणि पाठीवरच्या भाराची मर्यादा मात्र ओलांडून बसलेले असतात. हे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. गाडी बघायला गेलात तर आधी तो स्टिकर वाचा.

या पार्श्वभूमीवर २०२० साल आलं. फोर्डने ७.३ लिटरचं नवं पेट्रोल व्ही-८ आणलं, ज्याला लोक गॉडझिला म्हणतात. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, पुशरॉडची जुनी साधी रचना, टर्बो नाही, ४३० अश्वशक्ती आणि ४७५ पौंड-फूट टॉर्क. त्याच वर्षी जनरल मोटर्सचं ६.६ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, ४०१ अश्वशक्ती आणि ४६४ पौंड-फूट. रॅमचं ६.४ लिटरचं हेमी २०१४ पासून होतंच. त्याच २०२० सालचं फोर्डचं डिझेल १,०५० पौंड-फूट देत होतं. म्हणजे टॉर्कच्या आकड्यात पेट्रोल निम्म्याहूनही मागे होतं, तरी ते विकलं जाऊ लागलं, कारण वर सांगितलेला सगळा पसारा त्याच्यात नव्हता. लगोलग कोविडच्या साथीच्या काळात कॅम्पर घेण्याची लाट आली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाख कॅम्पर आणि मोटरहोम बाहेर पडले, तोवरचा उच्चांक.

आता बोगद्याखालच्या चढावर यातलं काय टिकतं ते पाहू. पिकअप आणि ट्रेलर मिळून ९,००० किलो धरा, चढ ६ टक्के, वेग ताशी ८० किलोमीटर. नुसतं हे वजन वर उचलायला सुमारे १६० अश्वशक्ती लागते. टायरचं घर्षण, ट्रेलरच्या सपाट तोंडावर आपटणारी हवा आणि गिअरबॉक्स-ॲक्सलमधली गळती धरली की इंजिनाला अडीचशेच्या पुढे द्यावे लागतात. ७.३ लिटरच्या इंजिनाची ४३० अश्वशक्ती तिथे तीनशेच्या आसपास उरलेली असते, आणि तीही ५,५०० फेऱ्यांच्या जवळ गेल्यावर. म्हणजे गाडी चढते, पण साडेचार-पाच हजार फेऱ्यांवर ओरडत चढते, आणि मिनिटं-मिनिटं ओरडतच राहते. नवख्या माणसाला वाटतं, इंजिन आता फुटणार. त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढायची गरज नसते. ही इंजिनं त्यासाठीच बांधलेली आहेत. डिझेल मात्र तोच चढ निवांत घेतं आणि आतल्या माणसांच्या गप्पाही चालू राहतात.

इथे ॲक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या किती फेऱ्या, कामाला येतं. ३.५५ ऐवजी ४.३० घेतलं तर त्याच इंजिनातून चाकावर २१ टक्के जास्त जोर पोचतो. इंधन थोडं जास्त जातं. डोंगरात पेट्रोलची गाडी घेताना मी इंजिनाच्या आधी हा आकडा विचारेन. फोर्डने ७.३ बरोबर दहा गिअर दिले होते आणि जनरल मोटर्सचं ६.६ मात्र २०२४ पर्यंत सहा गिअरवर अडलेलं होतं. सहा गिअरमधलं अंतर मोठं. एका गिअरमध्ये इंजिन किंचाळतं, पुढच्यात बसतं, आणि गाडी चढावर सारखी दोन्हींत हेलकावत राहते. २०२४ मध्ये त्यांनीही दहा गिअर दिले. जुनी गाडी घेणाऱ्याने हे साल लक्षात ठेवावं.

चढ हा निम्माच प्रश्न आहे. डेन्व्हरकडे उतरताना ट्रकवाल्यांसाठी एक प्रसिद्ध फलक लागतो: फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत. रस्ता संपल्यासारखा दिसतो आणि संपलेला नसतो. त्याच रस्त्यालगत ब्रेक गेलेल्या गाड्यांना अडकवायला खडीचे चढते फाटे बांधून ठेवलेत. बोरघाटात न्यूट्रलमध्ये गाडी सोडून उतरण्याचे परिणाम आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेच शास्त्र इथे आहे. डिझेलच्या पिकअपना आता एक्झॉस्ट ब्रेक येतो, बटण दाबलं की टर्बोच धूर अडवून गाडी धरून ठेवतो. पेट्रोलच्या गाडीत तो नाही. तिथे खालचा गिअर टाकून इंजिन चार-पाच हजार फेऱ्यांवर फिरू द्यायचं आणि ब्रेक अधूनमधून ठामपणे मारून सोडायचा. सतत हलका पाय ठेवला की ब्रेक तापून निकामी होतात. ही सवय अंगात नसेल आणि मागे सात-आठ टन असतील, तर पेट्रोलची गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला जाहिरातीतला आकडा. पूर्वी प्रत्येक कंपनी ओढण्याची क्षमता स्वतःच्या मनाने छापायची. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह इंजिनिअरांच्या संस्थेने जे-२८०७ हे मानक आणलं. ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या ११.४ मैलांच्या चढावर, ३८ अंश उष्म्यात, एसी पूर्ण लावून, वेग ताशी ४० मैलांच्या खाली न जाऊ देता गाडीने ट्रेलर ओढला पाहिजे. मागे जोडचाकं असलेल्या गाडीला ३५ मैल. टोयोटाने ते आधी स्वीकारलं, अमेरिकी कंपन्या बऱ्याच नंतर आल्या. चाचणी चांगली आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स तापतात का ते ती नेमकं दाखवते. पण तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो. आयझेनहॉवर बोगदा त्याच्या तिप्पट उंचीवर आहे.

म्हणून फोर्डच्या टोइंग पुस्तिकेत बारीक अक्षरांत एक सूचना असते: पहिल्या हजार फुटांनंतर दर हजार फुटांना गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा दोन टक्क्यांनी कमी धरा. बोगद्यापाशी हे २० टक्के होतात. क्षमता १५,००० पौंड छापलेली बघून १४,००० पौंडांचा ट्रेलर घेणाऱ्याला तिथे डिझेलच हवं. महिन्याकाठी एखाद्या वेळी आठ-दहा हजार पौंड ओढणाऱ्याला, ४.३० ॲक्सल आणि दहा गिअर असतील तर, पेट्रोलची गाडी पुरते आणि वाचलेल्या दहा हजार डॉलरचं पेट्रोल त्याला कितीतरी वर्षं पुरेल.